रस्सा चालतो, फोडी नको: शाकाहारात ‘मांस’ कशाला म्हणायचे?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या यात्रांमध्ये एक प्रसंग वर्षानुवर्षे घडत आला आहे. मांडवाच्या एका अंगाला मटणाच्या डेगी चढलेल्या असतात, दुसऱ्या अंगाला माळकऱ्यांसाठी वेगळी चूल पेटवलेली असते, आणि या दोहोंच्या मध्ये कुठेतरी तो पाहुणा बसलेला असतो, ज्याने गळ्यात माळ घातलेली नाही, पण काही कारणाने मांस सोडले आहे. वाढपी त्याच्यापुढे थांबतो आणि आग्रहाने म्हणतो, “पावणं, रस्सा तरी घ्या की. फोडी काढून वाढतो.” काही पाहुणे वाटी पुढे करतात, काही ताटावर हात आडवा धरतात, आणि दोघेही त्या दिवशी स्वतःला मांस न खाणारेच समजत असतात.

हा प्रश्न मला लहानपणापासून अडवत आला आहे, आणि आता तो यात्रेपुरता राहिलेला नाही. औषधाच्या दुकानात कॅप्सूल हातात घेतलेल्या आजी “ही चालंल न्हवं आमाला?” असे विचारतात. मुलाच्या वाढदिवसाला आणलेल्या जेलीच्या गोळ्यांच्या पाकिटावर तपकिरी खूण पाहून घरातले चमकतात. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे देण्याचे ठरवले, तेव्हा अंडे शाकाहारी की मांसाहारी हा जुनाच वाद पुन्हा घरोघरी रंगला.

अशा वादांत माणसे एकमेकांना उत्तरे देत असतात, पण त्यांचे प्रश्न वेगळे असतात. एक जण विचारतो की पदार्थ कशापासून झाला. दुसऱ्याला जाणून घ्यायचे असते की त्यासाठी जीव गेला का. तिसऱ्याचे लक्ष पदार्थ कशाला लागला आणि कशातून गेला याकडे असते. चौथ्याला तो मांसासारखा दिसतो हेच खटकते. फोडी काढून रस्सा घेणाऱ्याने मांस म्हणजे चावता येणारा तुकडा असे मानलेले असते, आणि हात आडवा धरणाऱ्याने मांस म्हणजे त्या प्राण्यापासून आलेले सगळे असे मानलेले असते. कोणत्या प्रश्नाला आपण उत्तर देत आहोत एवढे ओळखले, तर पुढचा गुंता बराचसा सुटतो.

कायद्याचे उत्तर

आपल्याकडे या प्रश्नाचे एक लेखी उत्तर आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली नेमलेल्या प्राधिकरणाने २०२० मध्ये पाकिटांवरील मजकुराविषयी नियम केले, आणि त्यांत मांसाहारी अन्नाची व्याख्या दिली. ज्या पदार्थात पक्षी, कीटक, गोड्या किंवा खाऱ्या पाण्यातले जीव यांसह कोणत्याही प्राण्याचे संपूर्ण शरीर किंवा त्याचा भाग, अंडे, किंवा प्राण्यापासून मिळालेले कोणतेही उत्पादन घटक म्हणून असेल, तो पदार्थ मांसाहारी होय. या व्याख्येप्रमाणे रस्सा फोडींसकट असो वा फोडींविना, तो मांसाहारीच ठरतो.

मात्र या व्याख्येला अपवाद जोडलेले आहेत, आणि खरी गंमत त्यांत आहे. दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाशीचे मेण, कारनौबा मेण आणि शेलॅक यांना व्याख्येतून वगळले आहे. यांपैकी कारनौबा मेण हे ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर मिळते, म्हणजे ते मुळातच वनस्पतिजन्य आहे. तरीही शंकेला जागा नको म्हणून ते अपवादांत बसवलेले दिसते. शेलॅक म्हणजे शुद्ध केलेली लाख. पळस, कुसुंब, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे बारीक कीटक वस्ती करतात आणि स्वतःभोवती राळेसारखे कवच तयार करतात. ते खरवडून लाख मिळते, आणि खरवडताना पुष्कळ कीटक त्यातच मरतात. पांडवांच्या लाक्षागृहापासून लाखेच्या बांगड्यांपर्यंत जी लाख आपल्या ओळखीची आहे, तीच चकचकीत गोळ्यांवर, चॉकलेटच्या दाण्यांवर आणि काही औषधांवर पातळ थर होऊन येते. कायद्याच्या दृष्टीने तो थर शाकाहारी आहे.

पाकिटावरच्या खुणेबद्दलही एक गोष्ट सांगून ठेवतो. शाकाहारी पदार्थावर हिरव्या चौकटीत हिरवा भरीव गोल असतो. मांसाहारी पदार्थावर पूर्वी तपकिरी चौकटीत तपकिरी गोल असे. २०२० च्या नियमांनी त्या गोलाच्या जागी त्रिकोण आणला, कारण ज्यांना हिरवा आणि तपकिरी रंग वेगळे ओळखता येत नाहीत अशा माणसांना दोन्ही गोल सारखेच दिसत. दूध-मधही वर्ज्य मानणाऱ्यांच्या अन्नासाठी, ज्याला व्हीगन म्हणतात, २०२२ मध्ये स्वतंत्र नियम आणि स्वतंत्र खूण आली.

दूध चालते, मग मध का खटकतो?

दूध हे प्राण्याच्या शरीरातून येते, तर ते मांस का नाही, हा प्रश्न परदेशी पाहुणे विचारतात आणि आपल्याला तो विचित्र वाटतो. कोल्हापूरच्या गंगावेशीत रात्री म्हशी उभ्या करून डोळ्यांसमोर पिळलेले धारोष्ण दूध पिणाऱ्या गावात तो आणखीच विचित्र वाटेल. आपल्या परंपरेने इथे पहिल्यापेक्षा दुसरा प्रश्न महत्त्वाचा मानला: दूध देऊन म्हैस मरत नाही, गोठ्यात तशीच उभी राहते, म्हणून दूध हे तिचे देणे झाले, तिचे शरीर नव्हे. व्हीगन माणूस यावर नर रेडकाचे पुढे काय होते असे विचारतो. हा प्रश्न टाळण्याजोगा नाही, आणि दुभत्या जनावरांच्या जिल्ह्यात तो ऐकून घेण्याची तयारी असायला हवी असे मला वाटते. परंतु तो प्रश्न दुधामागच्या हिंसेविषयी आहे. दूध मांस आहे का, हा निराळा प्रश्न आहे.

मधाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. कायदा मधाला शाकाहारी म्हणतो. पण शिरोळ, हातकणंगले या तालुक्यांत आणि खुद्द कोल्हापूर शहरात जो मोठा जैन समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो, त्याच्या श्रावकाचारात, म्हणजे गृहस्थांच्या आचारनियमांत, मद्य, मांस आणि मधु या तिन्हींचा त्याग एकाच दमात सांगितलेला आहे. जुन्या पद्धतीने मध काढताना पोळे पिळले जाई, त्यात अंडी, अळ्या आणि माश्या चिरडत, म्हणून मधाचा थेंब हिंसेचा थेंब मानला गेला. याच यादीत वड, पिंपळ, उंबर अशा पाच झाडांची फळेही वर्ज्य आहेत. ज्याने पिकलेले उंबर फोडून आतले किडे पाहिले आहेत, त्याला त्याचे कारण सांगावे लागणार नाही. झाडाचे फळ वर्ज्य आणि म्हशीचे दूध चालणारे, हा क्रम पदार्थाच्या उगमावरून लागतच नाही. त्यात जीव किती गेले यावरून लागतो.

म्हणून हिरवा गोल पाहून एखाद्या जैन आजींना मधाची गोळी देणे हे कायद्याने बरोबर आणि त्यांच्या दृष्टीने चूक असू शकते.

अंडे, मासा आणि आईची व्याख्या

बाजारातले अंडे बहुधा अफलित असते. कोंबडी कोंबड्याशिवायही अंडी घालते, आणि अंड्यांसाठीच्या पोल्ट्रीत कोंबडा ठेवतच नाहीत. त्या अंड्यातून पिल्लू कधीही निघणार नसते. या कारणाने अंडे शाकाहारी आहे असा युक्तिवाद केला जातो, आणि पाश्चात्त्य देशांत शाकाहारी म्हणवणारे बहुतेक लोक अंडी खातातही. भारतीय कायद्याने मात्र अंडे नाव घेऊन मांसाहारात टाकले आहे. अफलित अंड्याच्या युक्तिवादातली एक उणीव सांगायला हवी. त्या एका अंड्यात जीव नसला, तरी अंडी देणाऱ्या जातीची पिल्ले उबवणी केंद्रात निवडली जातात तेव्हा नर पिल्ले निरुपयोगी ठरतात आणि जन्मल्यावर लगेच मारली जातात. म्हणजे जीव गेला का, या प्रश्नाचे उत्तर अंड्याच्या आत न सापडता अंड्याच्या मागे सापडते.

माशाबाबत तर सगळ्यांची उत्तरे आपापल्या जागी घट्ट आहेत. घाट उतरून कोकणात गेले की सारस्वत घरांत माशाशिवाय जेवण होत नाही, बंगालमधल्या ब्राह्मण घरांतही मासा चालतो, आणि कॅथलिक ख्रिस्ती लोक ज्या शुक्रवारी मांस वर्ज्य मानतात त्याच दिवशी मासा खातात. त्यांच्या धर्मनियमात मांस म्हणजे जमिनीवरच्या उष्ण रक्ताच्या प्राण्याचे मांस.

या सगळ्या गोंधळातून स्वतःसाठी वाट काढलेल्या माणसाचा अनुभव मला नेहमी आठवतो. मोहनदास गांधी शिक्षणासाठी विलायतेला निघाले, तेव्हा त्यांनी आईजवळ मद्य, मांस आणि स्त्रीसंग यांपासून दूर राहण्याची शपथ घेतली होती. लंडनमधल्या शाकाहारी मंडळींत मिसळल्यावर त्यांना मांसाच्या तीन व्याख्या आढळल्या, आणि त्या त्यांनी आत्मचरित्रात नोंदवल्या आहेत. पहिल्या व्याख्येत फक्त पशुपक्ष्यांचे मांस येत होते, म्हणून मासे आणि अंडी चालत होती. दुसरीत सर्व जीवांचे मांस येत होते, पण अंडी चालत होती. तिसरीत जीवांपासून मिळणारे सगळेच येत होते, दूधसुद्धा. काही काळ अंडी खाल्ल्यावर गांधींनी ती सोडली, कारण त्यांच्या मते शपथ ज्या शब्दांत घेतली त्या शब्दांचा अर्थ आई जो समजत होती तोच खरा होता, आणि आईच्या लेखी अंडे हे मांसच होते.

पुढे याच माणसाला उलट बाजूनेही परीक्षा द्यावी लागली. गाई-म्हशींकडून अधिक दूध काढण्यासाठी केल्या जाणाऱ्या क्रूर प्रकाराची माहिती कळल्यावर त्यांनी दूध सोडले होते. १९१८-१९ च्या आजारपणात ते खूप खालावले, आणि कस्तुरबांनी सुचवले की व्रत घेताना मनात गाई-म्हशी होत्या, तर शेळीचे दूध घ्यायला हरकत नसावी. त्यांनी ते घेतले, पण व्रताचा शब्द राखला गेला आणि आत्मा गेला ही बोचणी त्यांनी लपवली नाही. फोडी काढून रस्सा घेणाऱ्या पाहुण्याची जी अडचण असते, तीच ही.

रस्सा गार झाला की काय होते?

आता पुन्हा रश्शाकडे येऊ, कारण कॅप्सूलचे उत्तर त्यातच आहे. ज्यांच्या घरी पाया शिजतो त्यांना ठाऊक आहे की खूप वेळ उकळलेले हे पाणी रात्रभर गार राहिले, तर सकाळी थरथरणाऱ्या वडीसारखे गोठते. प्राण्यांची कातडी, हाडे आणि स्नायूंना हाडांशी बांधणारे तंतू यांत कोलॅजन नावाचे प्रथिन असते. ते हळूहळू उकळले की विरघळून पाण्यात उतरते आणि गार झाल्यावर पाण्याला जाळ्यात धरून ठेवते. याच विरघळलेल्या प्रथिनाला शुद्ध करून, वाळवून जे विकले जाते ते जिलेटिन. ते मुख्यतः गुरांची आणि डुकरांची कातडी व हाडे यांपासून काढतात. कॅप्सूलचे पारदर्शक कवच, जेलीच्या चिवट गोळ्या, काही मऊ मिठाया आणि काही पुडिंगे त्याच्या बळावर उभी असतात. त्यात एकही फोड नसते, पण तो आटवलेला, स्वच्छ केलेला रस्साच असतो.

यासाठी वनस्पतीतले पर्याय नाहीत असे मुळीच नाही, आणि त्यांतले दोन तर आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहेत. खरवसाची आठवण देणारी दुधाची वडी घालायला ज्या चायना ग्रासचा उपयोग करतात ते समुद्रशेवाळापासून मिळते. पेरूची जेली आपोआप धरते ती पेरूतल्या पेक्टिनमुळे. जेलीच्या गोळ्या या दोहोंतून बनवता येतात आणि तशा मिळतातही. त्यांवर हिरवा गोल असतो. कॅप्सूलसाठी लाकूड किंवा कापसातल्या सेल्युलोजपासून केलेले कवच वापरतात, आणि त्याच्या लांबलचक नावाचे लघुरूप एचपीएमसी असे लिहिलेले आढळते.

अडचण अशी आहे की औषधांवर हिरवी किंवा तपकिरी खूण छापणे बंधनकारक नाही. म्हणून कॅप्सूल हातात घेतलेल्या आजींना पाकीट पाहून उत्तर देता येत नाही. दुकानदाराला कवच जिलेटिनचे की सेल्युलोजचे असे नेमके विचारावे, आणि डॉक्टरांना तेच औषध साध्या गोळीच्या रूपात किंवा पातळ स्वरूपात मिळेल का असे विचारावे. बरेचदा मिळते. मात्र संशय आला म्हणून सुरू असलेले औषध परस्पर बंद करू नये. व्रत पाळणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या मनावर याचे किती ओझे असते ते मी घरात पाहिले आहे, आणि त्यांना “औषधाला काय होतंय” असे म्हणून गप्प करणे मला योग्य वाटत नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न अचूक असतो. उत्तर द्यायला माहिती हवी असते.

चीज आणि क्रमांकांची भाषा

पनीर लिंबू किंवा व्हिनेगरने फाडले जाते, त्यामुळे त्यात काही प्रश्न उरत नाही. चीज मात्र रेनेट नावाच्या विकराने, म्हणजे पचनात मदत करणाऱ्या द्रव्याने, घट्ट करतात, आणि ते पूर्वापार दूधपित्या वासराच्या जठरातून काढत आले. इटलीतल्या पार्मिजानो रेज्जानो चीजच्या नियमांत आजही वासराचे रेनेटच लागते. १९९० मध्ये अमेरिकेत सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतलेल्या याच विकराला परवानगी मिळाली, आणि आपल्याकडच्या अनेक चीजच्या पाकिटांवर सूक्ष्मजीवजन्य रेनेट असा उल्लेख असतो. दुधाचे पदार्थ कायद्याने शाकाहारात असल्यामुळे या बाबतीत नुसत्या खुणेवर न थांबता घटकांची यादी वाचलेली बरी.

त्या यादीत क्रमांकही असतात. खाद्यपदार्थांत स्वाद, रंग किंवा पोत यांसाठी थोड्या प्रमाणात घालायच्या द्रव्यांना जगभर ठरावीक क्रमांक दिलेले आहेत. यांतला १२० क्रमांक हा निवडुंगावर वाढणाऱ्या एका कीटकापासून काढलेला लाल रंग आहे, म्हणजे त्याचा उगम निर्विवादपणे प्राणिजन्य आहे. पण बहुतेक क्रमांक उगम सांगत नाहीत. ३२२ म्हणजे लेसिथिन. ते सोयाबीनचे असू शकते आणि अंड्याचेही. ४७१ हे स्निग्ध द्रव्य पामतेलातून येऊ शकते आणि चरबीतूनही. झटपट नूडल्स आणि चिप्सच्या मसाल्यात चव खुलवण्यासाठी घातले जाणारे ६३१ मांसापासून किंवा माशापासून काढता येते, आणि साखर-पिष्ट आंबवूनही बनवता येते. तयार झालेला रेणू दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून पाकीट उघडून, चाखून किंवा हुंगून काही कळणार नाही.

याच ६३१ वरून दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण गेले. २०२१ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने सांगितले की घटक कितीही अल्प प्रमाणात असला तरी तो प्राणिजन्य असेल तर पदार्थ मांसाहारी ठरतो, आणि उत्पादकांनी केवळ क्रमांक न देता त्या घटकाचा उगम वनस्पतिजन्य, प्राणिजन्य की प्रयोगशाळेतला हेही उघड करावे. चमचाभर अळणी, म्हणजे मटण शिजवलेले पाणी, पडली तरी आमटी शाकाहारी राहत नाही, हे आपल्या घरातल्या बाईला सांगावे लागत नाही. न्यायालयाने तीच गोष्ट कायद्याच्या भाषेत मांडली.

जे पदार्थात नाही, पण पदार्थाला लागले

इथपर्यंत आपण घटकांविषयी बोलत होतो. तिसरा प्रश्न स्पर्शाचा आहे, आणि आपल्या परंपरेने त्याचा विचार फार बारकाईने केलेला आहे. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या ‘धर्मसिंधू’त चातुर्मासात वर्ज्य असलेल्या आमिषांची, म्हणजे मांसासमान मानलेल्या पदार्थांची, यादी आहे. तीत मांस तर आहेच, पण प्राण्याच्या अंगाचे चूर्ण, चामड्याच्या पिशवीतले पाणी, ईडलिंबाच्या जातीची फळे आणि मसूर हेही आहेत. पखालीतले पाणी हे पाणीच असते, त्यात मांसाचा कण नसतो. तरीही ज्या कातड्यात ते राहिले त्याचा दोष त्याला लागतो अशी ती दृष्टी आहे.

आजच्या काळातला पखालीचा भाऊ म्हणजे चांदीचा वर्ख. चांदीचा तुकडा ठोकून ठोकून पातळ करताना तो जनावरांच्या आतड्याच्या किंवा कातड्याच्या पापुद्र्यांत ठेवण्याची जुनी पद्धत होती. वर्खात चांदीखेरीज काही नसे, पण ती चांदी ज्या पानांत घडली ती पाने जनावराची असत, आणि हा वर्ख देवाच्या पेढ्यांवर चढत असे. २०१६ मध्ये अन्न प्राधिकरणाने वर्ख बनवताना कोणत्याही टप्प्यावर प्राणिजन्य वस्तू वापरण्यास मनाई करणारा नियम काढला. घटकापलीकडे जाऊन प्रक्रियेचा विचार करणारा हा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो.

साखरेबद्दल विचारणारेही भेटतात. काही देशांतल्या रिफायनऱ्यांत साखरेचा रंग काढण्यासाठी हाडांचा कोळसा गाळणीसारखा वापरतात, आणि ही माहिती वाचून इथली माणसे चहा ढवळताना थबकतात. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत उसाचा रस चुना आणि गंधकाचा धूर यांनी स्वच्छ करतात. त्यात हाडांचा कोळसा येत नाही. गुळाची तर शंकाच नको. गुऱ्हाळावर काहिलीतला रस उकळत असताना गुळव्या भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकतो, त्याला धरून मळी वर येते आणि ती काढून टाकली जाते.

हॉटेलातल्या तळणीच्या तेलाविषयी मात्र पाकिटावरच्या खुणा काहीच सांगत नाहीत. ज्या कढईत मासे तळले त्याच कढईत भजी तळली, तर भज्यांचे घटक शाकाहारी आहेत आणि भजी तशी नाहीत असे मानणारा माणूस अवाजवी बोलत नाही, कारण तेलात चरबी आणि बारीक कण खरोखरच उतरतात. घासून धुतलेल्या पातेल्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे उरते ती मनाची शंका. तीही मान देण्याजोगी आहे, परंतु तिला रसायनशास्त्राचा आधार शोधू नये.

दिसते मांसासारखे, पण

सोयाबीनच्या वड्यांचा किंवा कच्च्या फणसाचा तांबडा रस्सा केला, तर त्यात मांस नाही हे चारही प्रश्नांपैकी तिघांचे उत्तर आहे. तरीही काही माळकरी तो खात नाहीत. मांसाची आठवण करून देणारी चव मन मागे ओढते असे ते म्हणतात, आणि हे त्यांच्या साधनेविषयीचे बोलणे आहे, पदार्थाविषयीचे नाही. अळंबीलाही अनेक घरांत याच कारणाने मज्जाव असतो. अळंबी बुरशीच्या वर्गातली, ना वनस्पती ना प्राणी. कायद्याने ती शाकाहारी आहे.

पेशींपासून वाढवलेले मांस हे याच्या अगदी उलट टोक. जिवंत प्राण्याच्या थोड्या पेशी घेऊन त्या टाकीत पोसून वाढवतात. असे पहिले बर्गर २०१३ मध्ये लंडनमध्ये शिजवून दाखवले गेले, आणि २०२० मध्ये सिंगापूरने असे चिकन विकायला परवानगी दिली. प्राणी मारला नाही म्हणून ते शाकाहारी म्हणावे का? सुरुवातीच्या काळात पेशी पोसण्यासाठी गाभण गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तातला द्रव वापरत, त्यामुळे हिंसेचा प्रश्नही तिथे सुटत नव्हता. आता त्याशिवायचे मार्ग निघत आहेत. आपल्या कायद्याच्या शब्दांत प्राण्यापासून मिळालेले कोणतेही उत्पादन हा भाग इतका व्यापक आहे की माझ्या वाचनाप्रमाणे हे मांस तपकिरी त्रिकोणाखालीच जाईल. ते खावे की नाही, हे ज्याने ज्या कारणाने मांस सोडले त्या कारणावरून ठरेल.

“मग दह्यातल्या जंतूंचे काय?”

शाकाहाराची चर्चा सुरू झाली की हा आक्षेप हमखास येतो: दह्यात कोट्यवधी जिवाणू असतात, पिठात कीड असते, आणि भाजीपाल्यालाही जीव असतो, मग शाकाहारी कोणीच नाही. आक्षेपातली माहिती खरी आहे, पण निष्कर्ष घाईचा आहे. जिवाणू हे प्राणी नाहीत, त्यामुळे दही व्याख्येतच येत नाही. वनस्पतींच्या जिवाविषयी जैन विचाराने फार पूर्वी उत्तर दिले आहे. त्या विचारात जीव इंद्रियांच्या संख्येने लावलेले आहेत: झाडाला एकच, स्पर्शाचे इंद्रिय, आणि पशुपक्ष्यांना पाच. जगायचे तर काही हिंसा होणारच हे मान्य करून ती सर्वांत खालच्या पायरीवर ठेवायची, असा तो मार्ग आहे. बटाटा, कांदा, गाजर अशी कंदमुळे याच कारणाने वर्ज्य ठरतात, कारण एका कंदात अनंत जीव मानलेले आहेत. पण तेथेही कंदमूळ म्हणजे मांस असे कोणी म्हणत नाही.

वर्ज्य आणि मांस या दोन शब्दांतले हे अंतर जपायला हवे. आषाढी एकादशीच्या आधी कांदेनवमीला कांदा पोटभर खाऊन घेणारी घरे पुढचे चार महिने कांद्याला हात लावत नाहीत, आणि एकादशीला भातही शिजत नाही. कांदा किंवा भात यांना मांसाच्या पंगतीत बसवले, तर व्रताचाही अर्थ पुसट होतो आणि मांसाचाही.

पंगतीत काय विचारावे

यात्रेतल्या त्या पाहुण्याला आता मी तरी आग्रह करत नाही. “तुम्ही शाकाहारी का?” असे विचारण्याऐवजी मी विचारतो की तुम्हाला काय चालत नाही. मधुमेहामुळे किंवा हृदयाच्या त्रासामुळे डॉक्टरांनी मटण कमी करायला सांगितलेला माणूस वाटीभर रस्सा घेतो, फोडी बाजूला काढतो आणि त्यात त्याचे काही मोडत नाही. श्रावणापुरते वशाट सोडलेला माणूस बहुधा भाकरी-पिठल्यावर खूश असतो. नवस बोललेली बाई नवस कोणाजवळ आणि कोणत्या शब्दांत बोलली ते सांगते, आणि तिच्या ताटात काय वाढायचे ते त्यावरून ठरते. माळकरी काही विचारण्याआधीच उठून पलीकडच्या चुलीकडे जातो, जिथे वांग्याच्या रश्शाचे पातेले, पळी आणि वाढप्याचे हातसुद्धा वेगळे ठेवलेले असतात.